सोसायटीच्या बागेतले कीटक आणि इतर रहिवासी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलुंड पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे पाठ करून उभ्या असलेल्या आमच्या सोसायटीची बाग जेमतेम दोन बॅडमिंटन कोर्टांएवढी आहे. तिच्या देखभालीचे काम पाहताना सभासदांनी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मुंबईतल्या कोणत्याही सोसायटीच्या बागेला किंवा गच्चीवरल्या कुंड्यांना यातली बरीचशी उत्तरे लागू पडावीत. कबुतरांचा विषय मुद्दाम वगळला आहे, कारण त्यावर प्रत्येक सर्वसाधारण सभेत पुरेसे बोलून होते.

कढीपत्त्याची पाने दोन दिवसांत फस्त झाली आहेत. औषध फवारावे का?

फवारू नये. कढीपत्त्यावर आणि लिंबावर दिसणाऱ्या या अळ्या बहुतेक वेळा लिंबू फुलपाखराच्या किंवा कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराच्या असतात. कोवळी पाने निरखून पाहिली तर मोहरीच्या दाण्याएवढे फिकट पिवळे अंडे एकेकटे चिकटवलेले सापडते. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला काळपट तपकिरी असते आणि तिच्या अंगावर पांढरट डाग असतो, त्यामुळे ती थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. बुलबुलासारख्या पक्ष्याने आपल्याकडे दुर्लक्ष करावे यासाठी निसर्गाने केलेली ही व्यवस्था आहे. मोठी झाली की तीच अळी कात टाकून पोपटी हिरवी होते. अशा अळीला काडीने हलकेच डिवचले तर डोक्यामागच्या फटीतून नारिंगी-लाल रंगाचे दुफाटे शिंग ती झटकन बाहेर काढते आणि उग्र वास सुटतो. तिच्यापाशी असलेले शस्त्र एवढेच आहे. ती चावत नाही आणि तिच्या स्पर्शाने खाजही सुटत नाही.

दोन-तीन आठवडे खाऊन झाले की अळी कोषात जाते आणि साधारण आठवड्या-दीड आठवड्यात फुलपाखरू बाहेर पडते. कढीपत्ता चिवट असतो व त्याला पुन्हा पालवी फुटते. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात. आमच्याकडे कंपाउंडच्या भिंतीलगतचे कढीपत्त्याचे एक झाड अळ्यांच्या नावाने सोडून दिले आहे आणि फोडणीसाठी दुसरे राखले आहे. या वाटणीनंतर तक्रारी जवळजवळ थांबल्या. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले नीलवंतही याच लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. काळ्या मखमली पंखांवर निळ्या रंगाचे पट्टे असलेले हे तळहाताएवढे फुलपाखरू पावसाळ्यात व पावसाळ्यानंतर मुंबईतही दिसते. राज्य फुलपाखरू असा दर्जा देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य होते.

फुलपाखरे यावीत म्हणून कोणती झाडे लावावीत?

बहुतेक जण रंगीत फुलांची रोपे आणतात. त्यांवर फुलपाखरे मध प्यायला येतात आणि निघून जातात. ती राहावीत असे वाटत असेल तर अळ्यांचे खाद्य लावावे लागते, आणि प्रत्येक जातीची आवड ठरलेली असते. रुईवर प्लेन टायगरच्या अळ्या वाढतात व रुईच्या चिकातले विष अंगात साठवून पक्ष्यांना बेचव होतात. सोनचाफ्यावर आणि सोसायट्यांच्या भिंतीकडेने ओळीत उभ्या असलेल्या उंच, खोट्या अशोकावर टेल्ड जे येते. बहाव्यावर पिवळसर पांढरी एमिग्रंट फुलपाखरे येतात, तर कण्हेरीवर कॉमन क्रो येते. कण्हेर आणि रुई दोन्ही विषारी आहेत, म्हणून लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ती दूर लावावीत.

ज्यांच्याकडे केवळ खिडकीची जाळी आहे त्यांनी एक कुंडी पानफुटी लावून पाहावी. रेड पिएरो हे काळे, पांढरे आणि शेंदरी रंगाचे छोटे फुलपाखरू तिच्या पानावर अंडे घालते आणि त्यातून निघालेली अळी पानाच्या आत शिरते. वरचा व खालचा पापुद्रा शाबूत ठेवून ती मधला गर खात जाते. पान उजेडासमोर धरले की पोखरलेला भाग तेलकट कागदासारखा पारदर्शक दिसतो, त्यात अळीची सावली सरकताना दिसते आणि मागे तिने सोडलेल्या काळ्या विष्ठेची रांग असते. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी ही पाने कुजकी समजून वर्षभर खुडून टाकली होती.

घाणेरीवरही फुलपाखरे पुष्कळ येतात, तरी ती बागेत लावू नये असे माझे मत आहे. ती बाहेरून आलेली आणि अनावर पसरणारी वनस्पती आहे, आणि डोंगर तर आमच्या भिंतीपलीकडेच आहे.

जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखे दिसते. हे काय आहे?

तो पिठ्या ढेकूण आहे. हा कीटक शेंड्यातला रस शोषतो, अंगाभोवती मेणचट पांढरे आवरण तयार करतो आणि गोड चिकट द्रव बाहेर टाकतो. त्या द्रवावर काळी बुरशी वाढते, म्हणून खालची पाने काजळी धरल्यासारखी होतात. प्रादुर्भाव थोडा असेल तर शेंडा कापून पिशवीत बांधून टाकावा, जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने झाड धुवावे आणि मग निंबोळी अर्क फवारावा. घरगुती प्रमाणात 50 ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि उन्हे उतरल्यावर फवारावे. भर उन्हात फवारल्यास पाने करपतात, शिवाय त्या वेळी फुलांवर मधमाश्या असतात.

फवारण्यापूर्वी मात्र भिंग घेऊन, निदान चष्मा लावून, त्या पांढऱ्या पुंजक्याकडे एकदा पाहावे. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा आहे आणि त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी मढलेली असते. ती भक्ष्यापेक्षा मोठी आणि चपळ असते, एवढाच वरवरचा फरक. एपफ्लाय नावाच्या लहानशा फुलपाखराची अळीही पिठ्या ढेकणांमध्ये राहून त्यांनाच खाते. तिचा कोष फांदीवर किंवा पानावर सापडला तर जवळून पाहावा, कारण त्यावर डोळे-नाकासह माकडाचा चेहरा कोरल्यासारखा दिसतो.

आम्ही एका वर्षी घाईने पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावले आणि सगळी जास्वंद रासायनिक औषधाने धुऊन काढली. पंधरा दिवस झाडे स्वच्छ होती. मग पिठ्या ढेकूण परतले, ढालकिडे परतले नाहीत, आणि त्या हंगामात जास्वंदीची चार झाडे मुळासकट काढावी लागली. बिल मात्र पूर्ण चुकते केले.

झाडावर मुंग्यांची रांग असते. मुंग्या झाड खातात का?

नाही. मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण यांनी टाकलेला गोड द्रव गोळा करण्यासाठी त्या चढतात आणि त्या बदल्यात या किडींची राखण करतात. रांग कुठे संपते ते पाहावे. कीड तिथेच सापडते. आंब्याची पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या कडकडून चावतात, परंतु झाडावरच्या अनेक किडी त्या फस्त करतात.

पावसाळ्यात मोठमोठ्या गोगलगायी भिंतीवर चढतात. त्या आपल्याकडच्याच आहेत का?

या आफ्रिकी शंखी गोगलगायी आहेत. ही जात 1847 मध्ये कलकत्त्यात आणली गेली आणि तिथून ती देशभर पसरली. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण त्यापूर्वीच्या देशी गोगलगायींवरून आलेली असणार, पण ती या पाहुणीलाच अधिक शोभते. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्हींची इंद्रिये असतात, एका वेळी ती शंभराहून अधिक अंडी जमिनीत घालू शकते आणि कोरड्या दिवसांत शंखाचे तोंड बंद करून महिनोन्‌महिने पडून राहते. म्हणून मार्चमध्ये ‘संपल्या’ असे वाटणाऱ्या गोगलगायी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा हजर होतात. पपई, झेंडू, केळ, कोवळी रोपे असे जवळपास काहीही त्यांना चालते. कवचासाठी चुना हवा म्हणून त्या भिंतीचा गिलावाही खरवडतात.

उपाय कष्टाचा आहे, पण दुसरा चांगला उपाय नाही. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे वाफ्यांच्या कडेला अंथरावीत आणि पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी रबरी हातमोजे घालून बादलीभर मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मेल्यावर खोल खड्ड्यात पुराव्यात. मीठ थेट वाफ्यात टाकू नये, कारण त्याने माती बिघडते. गोगलगायींसाठी मिळणाऱ्या विषारी गोळ्या कुत्र्यामांजरांनाही घातक असतात, म्हणून आम्ही त्या वापरत नाही. वाळलेल्या पाल्याच्या ढिगांत आणि फुटक्या कुंड्यांखाली मातीत पिवळसर पांढरी, साबुदाण्यासारखी अंडी सापडली तर तीही नष्ट करावीत.

गोगलगाय उघड्या हातांनी उचलू नये, मुलांना तर अजिबात उचलू देऊ नये. तिच्या शरीरात उंदरांच्या फुप्फुसांत वाढणारा एक जंत असू शकतो आणि तो माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. बागेतला पालक, कोथिंबीर किंवा पुदिना कच्चा खाण्यापूर्वी एकेक पान धुवावे, ते याचसाठी. बागेत भारद्वाज येत असेल तर त्याला हुसकावू नये. तो मोठ्या चवीने गोगलगायी खातो.

बागेमुळे डास होतात, मग बागच काढून टाकावी का?

डास झाडांमुळे होत नाहीत, साचलेल्या पाण्यामुळे होतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याला बाटलीच्या झाकणाएवढे पाणी पुरते. मुंबईच्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणूनच ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ पाळण्यास सांगितले जाते. आमच्या सोसायटीत कोरडा दिवस रविवार आहे. कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांसाठी ठेवलेली भांडी, फुटके टाइल, गच्चीवर झाकलेल्या ताडपत्रीच्या सुरकुत्या, मनी प्लांटच्या बाटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे हे सगळे त्या दिवशी रिकामे करायचे. नुसते ओतून भागत नाही, आतली कड घासावी लागते. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही काही महिने तग धरतात.

कमळाच्या कुंडीत किंवा लहान हौदात गप्पी मासे सोडावेत. टाक्यांची झाकणे घट्ट असावीत, कारण मलेरियाचा डास तिथे वाढतो. धूरफवारणीने उडणारे डास तेवढ्यापुरते मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, आणि त्याच धुरात फुलपाखरे, चतुर व मधमाश्याही सापडतात. रुग्ण आढळल्यावर पालिकेने ती करणे वेगळे, दर शनिवारी हौसेने करून घेणे वेगळे. डासांच्या अळ्या सापडल्यास पालिका सोसायटीला नोटीस देऊ शकते, हेही ज्यांच्या बाल्कनीत ताटल्या आहेत त्यांनी लक्षात ठेवावे.

सातव्या मजल्याच्या छज्जाखाली मोठे मोहोळ लागले आहे. ते जाळून काढावे का?

ते आग्या मोहोळ आहे. उघड्यावर एकच मोठी पोळी लटकलेली दिसली की ओळखावे. झुडपात हाताच्या पंजाएवढे मोहोळ करणारी फुलोरी आणि पोकळीत राहणारी सातेरी या तुलनेने शांत माश्या आहेत. आग्या मात्र डिवचल्यास थव्याने मागे लागते. दगड मारणे, फटाके लावणे किंवा मशाल दाखवणे म्हणजे शब्दशः मोहोळ उठवणेच होय. आग्या माश्या हंगामानुसार स्थलांतर करतात, त्यामुळे ये-जा नसलेल्या जागी मोहोळ असेल तर ती खिडकी बंद ठेवून थांबणे उत्तम. दारासमोर किंवा मुलांच्या खोलीशेजारी असेल तर माश्या न मारता हलवणाऱ्या जाणकारालाच बोलवावे. डंख लागल्यास नांगी नखाने खरवडून तत्काळ काढावी. श्वास लागला, ओठ सुजले किंवा अंगावर गांधी उठल्या तर लगेच रुग्णालय गाठावे.

गुलाबाच्या पानांवर कोणी पंचने कापल्यासारखे गोल तुकडे काढले आहेत.

पाने कापणाऱ्या मधमाशीचे काम आहे. ती हे तुकडे गुंडाळून पिल्लांसाठी खोल्या बनवते. झाडाला काही होत नाही. प्रदर्शनात गुलाब पाठवायचा नसेल तर काहीच करू नये.

पावसाळ्यात अचानक खाज आणि फोड येतात. कोणता किडा असतो?

दोन शक्यता असतात. शेवग्याच्या खोडावर गठ्ठ्याने बसणाऱ्या केसाळ सुरवंटांचे केस टोचल्यास जागा चोळू नये. चिकटपट्टी लावून ओढावी म्हणजे केस निघतात, मग साबणाने धुवावे आणि अंगावरचे कपडेही धुवायला टाकावेत. दुसरा पेडेरस नावाचा बारीक, लांबट, नारिंगी-काळा भुंगेरा. दिसायला तो मोठ्या मुंगीसारखा असतो आणि रात्री दिव्याकडे येतो. तो चावत नाही. मानेवर वळवळले म्हणून आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातल्या द्रवाने दुसऱ्या दिवशी चटका बसल्यासारखा लाल पट्टा उठतो. अंगावर बसल्यास फुंकर मारून उडवावा. चिरडला गेलाच तर ती जागा साबणाने ताबडतोब धुवावी आणि तो हात डोळ्यांना लावू नये.

साप दिसला तर काय करावे?

प्रथम मुलांना व कुत्र्यांना दूर न्यावे, एका माणसाने सुरक्षित अंतरावरून सापावर नजर ठेवावी आणि दुसऱ्याने वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. साप मारणे किंवा परवानगीशिवाय पकडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे. आमच्याकडे आजवर दिसलेल्यांत धामण, दिवड, नानेटी आणि कवड्या यांचीच संख्या अधिक आहे आणि हे चारही बिनविषारी आहेत. परंतु नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप मुंबईच्या परिसरात आहेत, कवड्या आणि मण्यार यांची गल्लत तर जाणत्यांचीही होते. तेव्हा ओळख पटवण्याचा उत्साह वॉचमनच्या टॉर्चच्या उजेडात दाखवू नये.

दंश झाल्यास बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावे, हात किंवा पाय हलू न देता आधार द्यावा आणि 108 ची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन प्रतिसर्पविष असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे. फिनेल, लसूण, कार्बोलिक आम्ल यांच्या वासाने साप येत नाहीत या समजुतीवर पैसे घालवू नयेत. ओला कचरा उघडा राहिला की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. भंगारातल्या दरवाज्यांचा ढीग आम्ही ज्या महिन्यात उचलला, त्यानंतर त्या कोपऱ्यात धामण दिसली नाही.

कुंडीची माती बदलताना काळपट, चकचकीत गांडूळ निघाले आणि ते फार वेगाने वळवळत होते.

तो बहुधा वाळा होता. करंगळीपेक्षाही बारीक असलेला हा बिनविषारी साप मुंग्या आणि वाळवी यांची अंडी व अळ्या खातो. गांडुळाच्या अंगावर कड्या दिसतात. वाळ्याच्या अंगावर गुळगुळीत खवले असतात आणि डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. या जातीत नर नसतातच, माद्या एकट्यानेच अंडी घालतात. म्हणून कुंडीतल्या मातीबरोबर एकच वाळा परदेशी गेला तरी तिथे वस्ती होते, आणि तशी ती जगभर झालीही आहे. त्याला पुन्हा ओल्या मातीत सोडावे.

खतखड्ड्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या सापडल्या. खत वाया गेले का?

इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या या अळ्या बहुधा गेंड्या भुंग्याच्या असतात व कुजलेला पालापाचोळा खातात, म्हणजे खताचे नुकसान करत नाहीत. मात्र मोठा झालेला भुंगा नारळाचा कोंब पोखरतो, आणि मग उलगडलेल्या झावळीवर कात्रीने त्रिकोण कापल्यासारख्या खाचा दिसतात. आवारात नारळ असल्याने आम्ही या अळ्या वेचून मोकळ्या जागी टाकतो. कावळे पाच मिनिटांत हिशेब मिटवतात.

रात्री छपरावर पावले वाजतात आणि भिंतीवर पाखराएवढा पतंग बसलेला असतो.

पावले बहुतेक उदमांजराची असतात. फळे, उंदीर, किडे असे सगळे खाणारा हा निशाचर प्राणी माणसाच्या वाटेला जात नाही. माळ्यावर घर केले असेल तर रात्री तो बाहेर पडल्यावर फट बुजवावी. मात्र आत पिल्ले नाहीत याची आधी खात्री करून घ्यावी. पतंग ॲटलास जातीचा असेल तर त्याला उडवू नये. मोठ्या मादीच्या पंखांचा विस्तार वीतभराहून अधिक असतो, तिला खाण्यासाठी तोंड नसते आणि अळीच्या वयात साठवलेल्या चरबीवर ती जेमतेम आठवडाभर जगून अंडी घालते. बागेतले पांढरे झगझगीत दिवे रात्री अकरानंतर बंद ठेवण्याचा ठराव आम्ही केला, तो पतंगांसाठी आणि मे-जूनमध्ये भिंतीपलीकडे चमकणाऱ्या काजव्यांसाठी. वीजबिल कमी झाल्यामुळे तो एकमताने संमत झाला.

पावसाळा संपताना मैदानावर शेकडो चतुर घिरट्या घालतात. ते चावतात का?

चावत नाहीत, डंखही मारत नाहीत. ते उडता उडता डास आणि चिलटे खातात. पिवळसर सोनेरी अंगाचे हे चतुर भटके आहेत. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत ते वाढतात आणि पाऊस ओसरला की वाऱ्याच्या साथीने समुद्र ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडले. परत येणारे चतुर पुढच्या पिढ्यांतले असतात. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवण्याचा खेळ आमच्या पिढीने पुष्कळ खेळला आहे, त्यामुळे मुलांना रागावण्याचा अधिकार आम्हाला फारसा नाही. त्याऐवजी सकाळी सातच्या सुमारास त्यांना मैदानाच्या कडेच्या उंच गवतापाशी न्यावे. ऊन चढेपर्यंत चतुर काड्यांना लटकून असतात, पंखांवर दव असते आणि हातभर अंतरावरून त्यांचे तांबूस डोळे नीट दिसतात.